आगरातली आर्मर्ड केबल : एक पावसाळा काढल्यानंतर

शिमग्याच्या आधी घरापासून आगरातल्या विहिरीपर्यंत जमिनीखालून आर्मर्ड, म्हणजे आतल्या वायरींभोवती स्टीलच्या तारांचं कवच असलेली केबल टाकली. आता दिवाळी उलटली, म्हणजे रत्नागिरीकडचा अख्खा पावसाळा तिच्या डोक्यावरून गेलाय. खरं सांगायचं तर केबलबद्दल बोलण्यासारखं फारसं नाहीच, ती गप पडून आहे. जो काही अनुभव आहे तो तिच्या टोकांचा. याआधी माडांवरून ओढलेली वायर होती आणि दर पावसात तिच्यावर झाप कोसळायची, त्यामुळे तुलना करण्यात अर्थ नाही.

घेतली ती तीन कोअरची (म्हणजे आत तीन वायरी), ४ चौरस मिलिमीटर, तांब्याची, एक्सएलपीई (उष्णता सोसणारं प्लास्टिक) इन्सुलेशनची. अंतर ४५ मीटर, टोकाला १ एचपीचा पंप आणि वाटेत बागेतले दिवे. वायरमनचं म्हणणं होतं अडीचची पुरे. चालू पंपाला पुरलीही असती: चारच्या केबलमध्ये साधारण चार व्होल्ट पडतात, अडीचमध्ये सहा. पण सुरू होताना पंप नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो आणि आमच्याकडे संध्याकाळचं व्होल्टेज आधीच मेलेलं असतं. पंप आता कण्हत नाही, पटकन उचलतो. ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत तिची जोडणी खराब व्हायला वेळ लागत नाही. एवढ्या लहान साइजला तांबंच बरं. तीन कोअरचे रंग लाल, पिवळा, निळा असेच येतात, हिरवा नसतो. अर्थिंगला जी कोअर घ्याल तिच्या दोन्ही टोकांना हिरवी स्लीव्ह चढवून घ्या, नाहीतर पुढचा वायरमन तिला फेज समजेल.

केबल टाकण्याबद्दलच्या आयएस १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे ११०० व्होल्टपर्यंतच्या केबलला किमान ७५० मिलिमीटर खोली हवी, म्हणजे अडीच फूट. आगरातल्या भुसभुशीत मातीत गड्यांनी ती सहज गाठली. घराजवळ मात्र दीड फुटावर कातळ. पहार मारली की ठण्ण! तिथे जाड एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपातून केबल ओढली आणि वर काँक्रीट ओतलं. बाकी ठिकाणी खालीवर बारीक वाळू, तिच्यावर चिऱ्याचे तुकडे, मग थोडी माती आणि धोक्याची पट्टी. पट्टी म्हणजे फुकटचा खर्च, असं घरात सगळ्यांचं मत होतं. ऑगस्टमध्ये माडाचं आळं मोठं करताना गड्याच्या कुदळीला तीच आधी लागली आणि तो थांबला. तेव्हापासून कोणी काही बोललेलं नाही.

आता टोकं. केबलचं वरचं काळं आवरण सोललं की आर्मरच्या तारा छत्रीच्या काड्यांसारख्या उलगडतात. त्या ग्लँडच्या (केबल डब्यात घट्ट धरणाऱ्या धातूच्या तोंडाच्या) कोनावर बसवून नट आवळायचा, म्हणजे पकडही बसते आणि आर्मरला अर्थिंगही मिळतं. बरेच वायरमन तारा कापून वर टेप गुंडाळतात. मग उद्या पहार केबलमध्ये घुसली तर आर्मरच जिवंत होऊन बसायचा. अर्थ केलेला असला तर फेजला लागताच एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडतो. म्हणून ग्लँड बसवताना मी शेजारी उभा होतो, त्याला आवडलं नाही तरी. विहिरीवरचा जोडणीचा डबा पत्र्याचा न घेता पॉलिकार्बोनेटचा, आयपी ६५ चा (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारा) घेतला आणि केबल त्यात खालून शिरवली. वरून शिरली की पाणी केबल धरून थेट आत उतरतं. डब्यात मुंग्या शिरल्याच, त्यांच्यावर कुठलंच रेटिंग चालत नाही.

जुलैत पाऊस धरला की ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागला. वायरमन ‘केबल गेली’ म्हणतच फाटकातून आत आला. चर पुन्हा खणायची तयारी. मी म्हटलं, आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लाव. पंप आणि दिवे सोडवून ५०० व्होल्टवर पाहिलं, तर केबल ठणठणीत. मग एकेक दिवा जोडत गेलो. वाटेवरचा बुटका खांबदिवा जोडला आणि आरसीसीबी खाली! उघडला तर आत अर्धी वाटी पाणी, रबराची रिंग बोटात तुटत होती. खोक्यावर मात्र ‘वॉटरप्रूफ’ ठळक अक्षरात. ते सगळे दिवे बदलले आणि दिव्यांना स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) दिला. आता दिवा बिघडला तरी शिंपणं थांबत नाही.

खर्चात केबलपेक्षा खणाई जास्त झाली, ते कातळामुळे. म्हणून चर उघडा असतानाच केबलपासून फूटभर अंतर सोडून एक रिकामा पाइप आत दोरी घालून टाकला. विहिरीकडच्या कॅमेऱ्याची वायर गेल्या महिन्यात त्यातूनच गेली. चर बुजवण्याआधी घराच्या कोपऱ्यापासून आणि गडग्यापासून टेप धरून फोटो काढून ठेवलेत, त्यांची एक प्रत मीटरच्या पेटीत आतून चिकटवली आहे.