वॅगनआरचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, नाना पेठेतल्या गॅरेजचा अनुभव

गाडी २०११ ची वॅगनआर, पेट्रोल, लाखभर किमी झालेत. दिवाळीनंतर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तो जाईचना आणि अ‍ॅव्हरेज १४ वरून १० वर आलं. सकाळी स्टार्ट केली की मागे पेट्रोलचा वास, बायको म्हणाली स्टोव्ह पेटवलाय का खाली.

आधी मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली (नाव घेत नाही). त्यांनी स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत एस्टिमेट हातात, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर) प्लस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर स्वच्छ करणारा डबा). आकडा बघून मी म्हटलं विचार करून सांगतो, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

मग मित्राने नाना पेठेतल्या गॅरेजवाल्या चाचांकडे पाठवलं. बोर्ड धड वाचता येत नाही आणि गाडी लावायला जागा नाही, एक स्टार त्याचाच कापतोय. पण चाचांनी गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड बघितला, पी०१३५, म्हणजे वरच्या (इंजिनाकडच्या) सेन्सरच्या हीटर सर्किटचा, आणि लगेच सेन्सर आण म्हणाले नाहीत. आधी फ्यूज बघितला, मग वायरिंग, मग कनेक्टर काढून हीटरच्या दोन वायरींना मल्टीमीटर लावला. ओपन, म्हणजे आतून तुटलेला. "हीटर गेलाय साहेब, कन्व्हर्टरला कशाला हात लावायचा?" मागच्या सेन्सरचा तर कोडच नव्हता!

हीटर कशाला लागतो हे मला तिथेच कळलं. सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि तोपर्यंत इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अंदाजानेच पेट्रोल सोडतो. माझं ऑफिस ५ किमीवर, म्हणजे हीटर नसेल तर सेन्सर तापेपर्यंत मी पार्किंगमध्ये. हायवेला एवढा फरक का पडत नव्हता ते आत्ता लक्षात आलं.

पार्ट मीच समोरच्या दुकानातून आणला. पहिल्यांदा दुकानदाराने निम्म्या किमतीचा दिला, चाचांनी बॉक्स उघडून वायर बघितली आणि मला परत पाठवलं, "ये डुप्लिकेट है". ओरिजिनल ३२०० ला पडला. जुना निघता निघेना, गंजून बसलेला. इंजिन थोडं गरम केलं, स्प्रे मारला, वायरसाठी खाच असलेला २२ चा सॉकेट लावला तेव्हा कुठे कर्रर्र करत सुटला. नवीन बसवताना आट्यांना पेस्ट लावली पण गॅरेजमधला पोरगा सेन्सरच्या टोकाला बोट लावणार होता तर चाचा त्याला असे ओरडले की मीच दचकलो.

मजुरी ५००. बिल मागितलं तर पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. आणि ११ ला ये म्हणाले होते, हात लावला दीडला, तोवर तीन चहा झाले माझे.

कोड क्लिअर केल्यावर लाइव्ह डेटा दाखवला, वरच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये भराभर वर-खाली होत होता, असाच पाहिजे म्हणाले. तीन आठवडे झाले, दिवा परत लागला नाही, अ‍ॅव्हरेज १३.५ च्या आसपास, वास गेला.

पाचपैकी चार. टू-व्हीलरवर जाऊन आधी वेळ ठरवून या, गाडी घेऊन थेट गेलात तर अर्धा तास पार्किंग शोधण्यातच जाईल. आणि जुना पार्ट मागून घ्या, ते देतात, माझा डिकीत पडलाय अजून.