फर्मीचे ढग की सुपरनोव्हाचा आघाततरंग?

वैश्विक किरण म्हणजे अंतराळातून येणारे प्रचंड वेगवान कण; त्यांना एवढी ऊर्जा मिळते कुठून? भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने 1949 मध्ये मांडलं, की आकाशगंगेतल्या फिरत्या चुंबकीय ढगांवर आपटून हे कण ऊर्जा कमावतात. अडचण हिशेबात आहे. समोरून टक्कर झाली तर ऊर्जा वाढते, मागून गाठलं तर घटते. समोरच्या टकरी थोड्या जास्त, एवढाच काय तो फायदा. ढगाचा वेग सेकंदाला 15 किमी धरला, तर टकरीमागे सरासरी वाढ जेमतेम काही अब्जांश!

सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाच्या, आघाततरंगात तोट्याची टक्करच नसते. कण तरंगाच्या कुठल्याही बाजूला असो, पलीकडचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) त्याच्याकडेच येताना दिसतो. तरंगाचा वेग सेकंदाला 5,000 किमी असेल तर प्रत्येक फेरीत (तरंग ओलांडून परत येण्यात) ऊर्जा सुमारे 1.7 टक्के वाढते. 1 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन साधारण 700 फेऱ्यांत लाखपट ऊर्जेला पोचतो.

मात्र फेरी पुरी व्हायला कण परतवणारं खवळलेलं चुंबकीय क्षेत्र लागतं. आंतरतारकीय क्षेत्र त्यासाठी फारच दुबळं. तरंगाच्या पुढे धावणारे कणच ते वाढवतात. टायको या सुपरनोव्हाच्या अवशेषाच्या क्ष-किरण चित्रातल्या बारीक कडा याचा भक्कम पुरावा वाटतो: बळकट क्षेत्रात इलेक्ट्रॉन लवकर ऊर्जा गमावतात, म्हणून कडा अरुंद.

ढगांची पद्धत बाद नाही. तरंगामागच्या खळबळीत ती दुय्यम हातभार लावते.