एचडीआर चित्र अंधारं दिसतं म्हणून बॅकलाइट बदलू देऊ नका : सांगलीतली एक फसवणूक

बातम्या, क्रिकेट, मालिका सगळं लख्ख दिसतं आणि रात्री ओटीटीवर फोर-के सिनेमा लावला की चित्र काळवंडतं, असं तुमच्या टीव्हीचं होत असेल तर कुणाला फोन करण्याआधी हे वाचा. त्या टीव्हीची बॅकलाइट गेलेली नाही. बॅकलाइट म्हणजे काचेमागच्या एलईडीच्या पट्ट्या. पट्टी गेली तर बातम्याही अंधाऱ्या दिसतील, क्रिकेटही, आणि टीव्हीचा मेनूसुद्धा. एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारी चित्राची पद्धत, ओटीटीवरचे बरेच फोर-के सिनेमे तिच्यात असतात. फक्त एचडीआर चित्रापुरता अंधार पडत असेल तर तो सेटिंगमधला असतो, नाहीतर त्या टीव्हीच्या मुळातल्या कुवतीतला.

एवढं माझ्या दादाला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर त्याचे ७,१५० रुपये आणि नव्या टीव्हीची वॉरंटी दोन्ही वाचलं असतं.

दादाचं घर सांगलीला. दिवाळीत त्याने ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. खोक्यावर एचडीआर १० आणि डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या दोन प्रकारांची चिन्हं. वहिनींच्या पहिल्यांदा लक्षात आलं की सिनेमातल्या रात्रीच्या प्रसंगात माणसांचे चेहरेच दिसत नाहीत. दादाने मोबाइलवर टीव्हीच्या कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला, शेजारी कंपनीचा लोगो होता, त्यावर फोन केला. समोरचा माणूस अतिशय अदबीने बोलला, तक्रार क्रमांक दिला आणि नोंदणीचे ३५० रुपये यूपीआयने भरायला सांगितले. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं आलं. ‘आमच्या एरिया मॅनेजरचं खातं आहे सर,’ असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. अंगात लोगो असलेले टी-शर्ट, हातात टूलकिट. त्यांनी जे केलं ते नीट सांगतो, कारण ही युक्ती दुसऱ्या घरातही तशीच चालेल. त्यांनी सिनेमा एका काळोख्या दृश्यावर थांबवला, खोलीतला दिवा घालवला आणि मोबाइलची बॅटरी काचेवर धरली. उजेडात पडद्यावरच्या आकृत्या थोड्या दिसल्या. ‘बघा सर, चित्र आहे, पण मागे लाइटच नाही. पट्टी गेली.’ बॅटरी मारून बघायची ही परीक्षा खरी आहे, मेकॅनिक ती करतातच. पण टीव्ही सुरू आहे, आवाज येतोय आणि पडदा पूर्ण काळा आहे, अशा वेळी. उजळ चित्र दाखवणाऱ्या टीव्हीवर मुद्दाम काळोखं दृश्य थांबवून ती करणं म्हणजे शुद्ध लबाडी.

वहिनींनी नेमका प्रश्न विचारला होता. ‘मग बातम्या कशा स्वच्छ दिसतात?’ त्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, फोर-केला करंट जास्त लागतो. पट्टी कमजोर झालीय, तेवढा लोड घेत नाही.’ हे खोटं पटतं, कारण एचडीआर सुरू झालं की बरेच टीव्ही बॅकलाइट खरोखरच पूर्ण वाढवतात. तो खोटं बोलतोय हे पडताळायला मिनिटही लागत नाही. साधं चॅनेल लावा, मेनूत जाऊन बॅकलाइट शेवटच्या टोकाला न्या. पडदा सगळीकडे सारखा उजळला तर पट्ट्या ठणठणीत आहेत.

मग भीती घातली. आज पट्टी बदलली नाही तर पॅनेल जाईल, पॅनेल म्हणजे तीस हजार, आणि वॉरंटीत पट्टी येत नाही. वॉरंटीचं कार्ड त्यांनी मागितलंसुद्धा नाही. दादा-वहिनींच्या पलंगावर चादर अंथरून त्यावर टीव्ही पालथा घातला आणि उघडला. ५५ इंची पॅनेल घरात असं सोडवणं मुळातच धोक्याचं. काचेच्या कडेला केसासारख्या तारांच्या पातळ फिती चिकटवलेल्या असतात, एक जरी दुखावली तरी पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि मग खरोखरच पॅनेल बदलावं लागतं. ते टळलं, हे दैवच. कंपनीच्या पट्ट्या काढून पिशवीतल्या बिनानावाच्या पट्ट्या बसवल्या. जुन्या पट्ट्या ‘ऑफिसात जमा करायच्या असतात’ म्हणून बरोबर नेल्या. चांगल्या पट्ट्या होत्या त्या, आता दुसऱ्या कुणाच्या टीव्हीत विकल्या गेल्या असतील. बिल म्हणून हाताने लिहिलेला कागद दिला, त्यावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. घेतले ६,८०० रुपये.

जाण्याआधी त्यांनी पेनड्राइव्हवरचा फुलांचा आणि समुद्राचा व्हिडिओ लावला. पडदा असा झळाळला की दादाने त्यांना चहा पाजला. तो व्हिडिओ एचडीआर नव्हताच. शिवाय चित्राचा मोड त्यांनी गुपचूप ‘व्हिव्हिड’ केला होता, दुकानात टीव्ही मांडतात तो भडक मोड. रात्री सिनेमा लावला तर अंधार जसाच्या तसा, वर डाव्या कोपऱ्यात निळसर झाक आणि मध्ये दोन पांढरे ठिपके. प्रत्येक एलईडीवर प्रकाश पसरवणारी छोटी गोल भिंग असते. ती नीट चिकटवलेली नसली की गळून पडते आणि तिथे असा ठिपका उमटतो. तोवर तो नंबर लागेनासा झाला होता.

नंतर कार्डावरच्या खऱ्या नंबरवर तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, पैसे मागितले नाहीत. मागचं सील तुटलेलं आणि आत परक्या पट्ट्या पाहून त्याने तसं लिहून दिलं, आणि वॉरंटी संपली. ‘पट्टी वॉरंटीत होती,’ असंही तो म्हणाला. ते ऐकून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘भाऊजी, मी विचारलं होतं हो त्यांना,’ असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मूळ तक्रार सेटिंगमधूनच सुटली. ती का उद्भवते हे कळलं तर कुणी फसवू शकणार नाही. साधं चित्र साधारण १०० निट (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड धरून तयार केलेलं असतं, पण टीव्ही ते आपल्या पूर्ण ताकदीने, ३०० निटवरही दाखवतो आणि आपल्याला त्याचीच सवय होते. एचडीआर १० आणि डॉल्बी व्हिजनचं गणित वेगळं. त्यात कुठला भाग किती निट हे आकडे चित्रातच ठरलेले असतात, आणि पद्धतीची कमाल मर्यादा १०,००० निट आहे. सिनेमा तयार करणारे अंधाऱ्या खोलीत बसून, बहुधा १,००० किंवा ४,००० निटच्या हिशेबाने चित्र बेततात. चेहरे, भिंती, रस्ते तिथे साध्या चित्राएवढ्याच उजेडावर असतात, जास्तीचा उजेड दिवे, आग, सूर्य यांच्यासाठी राखलेला असतो. आपला बेताच्या किमतीचा टीव्ही ३०० निटच्या आसपास दमतो. मग ते दिवे आपल्या आवाक्यात बसवायला तो बाकीचं चित्र खाली दाबतो. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर मग काहीच दिसत नाही. खोक्यावर एचडीआर लिहिलंय याचा अर्थ एवढाच की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. तेवढा उजेड पाडता येतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि विक्रेते हे सांगत नाहीत याचाही मला राग आहे.

सेटिंग बदलताना एचडीआर सिनेमा चालू ठेवूनच मेनू उघडा. साध्या चित्राची आणि एचडीआरची सेटिंग्ज टीव्ही वेगवेगळी जपतो, त्यामुळे बातम्या लावून केलेला बदल सिनेमाला लागू होत नाही. दादाच्या टीव्हीत वीजबचत चालू होती आणि खोलीचा उजेड बघून चित्र मंद करणारा सेन्सरही. दोन्ही बंद केले. डॉल्बी व्हिजन ‘डार्क’वर होतं, ते ‘ब्राइट’वर आणलं. बॅकलाइट पूर्ण केली. एवढ्याने चेहरे दिसायला लागले. एलजीच्या टीव्हीत ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ असतं, सॅमसंगमध्ये ‘कॉन्ट्रास्ट एन्हान्सर’. तेही चालू करून बघा. (सॅमसंगमध्ये डॉल्बी व्हिजन नसतं, ते शोधत बसू नका.) टीव्हीला ओटीटी दाखवणारी स्टिक जोडलेली असेल तर तिच्यात एचडीआर ‘नेहमी’ असं ठेवू नका, नाहीतर साधं चित्रही एचडीआरमध्ये बदलून फिकट होतं. ‘अ‍ॅडाप्टिव्ह’ ठेवा. सगळं करूनही समाधान झालं नाही तर स्टिकमधून एचडीआर बंद करा. स्वस्त टीव्हीवर साधं चित्र जास्त चांगलं दिसतं, त्यात कमीपणा काही नाही.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक सांगा. जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडकवण्याची शक्यता जास्त. कंपनीचा माणूस असल्याची बतावणी करून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली गुन्हा आहे, तेव्हा ‘तुम्हीच तर दिले पैसे’ असं कुणी म्हणालं तरी लेखी तक्रार द्या. दुरुस्ती करणाऱ्याचं दुकान माहीत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला किंवा सेवेला त्याची फी नाही.

दादाने १९३० वर नोंद केली आहे, तो बनावट नंबर कंपनीलाही कळवला आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमच्या टीव्हीची पट्टी खरोखरच गेली असेल आणि बाहेरून बदलून घ्यायची असेल, तर दुकानाचं पक्कं बिल आणि काढलेल्या जुन्या पट्ट्या हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.