दाजींची इलेक्ट्रिक गाडी आठ दिवस वापरली, त्याचा रिव्ह्यू

आमची डिझेल गाडी २०१४ ची, २ लाख ३० हजार किलोमीटर झालेत, क्लच दोनदा बदललाय आणि टर्बोची शिट्टी अशी की मी गल्लीच्या तोंडाला आलो की घरात चहा ठेवतात. बदलायची हे वर्षभर चाललंय. बदलून काय घ्यायची यावर मात्र घरात रोज लोकसभा भरते. त्यात दाजी आणि ताई आठ दिवस केरळला गेले आणि जाताना दाजींनी आपल्या इलेक्ट्रिक गाडीची चावी माझ्या हातात दिली, म्हणाले वापर, मग बोल. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की खाली लगेच या कंपनीचे विरुद्ध त्या कंपनीचे अशी कुस्ती लागती. एवढं सांगतो, ४५ युनिटची बॅटरी, कागदावर रेंज पावणेपाचशेच्या आसपास, पाच जण बसतात, हिरवी नंबरप्लेट.

आधी आमच्या घरातला घोळ सांगतो. आमची शिरोली एमआयडीसीत छोटी मशीनशॉप आहे, फौंड्रीतनं एक्झॉस्ट मॅनिफोल्डची कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. म्हणजे धूर बाहेर काढायचा पार्टच आमचं पोट भरतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही तर मॅनिफोल्ड कुठला आलाय. आबा पहिल्या दिवशी गाडीभोवती एक चक्कर मारून, बॉनेट उघडायला लावून, आत बघून म्हणाले, "इंजिनावर घर बांधलं आणि आता बिनइंजिनाची गाडी दारात लावतोयस व्हय?" मी म्हटलं आबा, ब्रेकची डिस्क आणि हब कास्टिंगचेच असतात अजून. तर म्हणाले ते आपण करतो का? यावर उत्तर नव्हतं.

आता पहिली रात्र. दाजींचं घर सांगलीला, तिथं त्यांनी भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवून घेतलाय. माझ्याकडं डिकीतला पोर्टेबल चार्जर, जो १५ अँपियरच्या सॉकेटला लागतो. आमचं घर कळंब्याला, स्वतःचं, पार्किंग आत, म्हटलं काय अवघड आहे, गीझरसारखं लावायचं. लावलं. चार्जरवर लाल लाईट. काढून परत लावलं, लाल. दुसऱ्या सॉकेटला लावलं, लाल. दाजींना फोन केला तर ते हाऊसबोटीत, म्हणाले अर्थिंग बघ. अर्थिंग? फ्रीज, मिक्सर, मोटार, सगळं वीस वर्षं चालतंय की. सकाळी वायरमन मामांना बोलावलं, त्यांनी न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला आणि हसायलाच लागले. अर्थिंगची वायर घराबाहेर ज्या खड्ड्यात जात होती तो खड्डा फरशी टाकताना गवंड्यानं बुजवला होता आणि वायर आत कोरड्या मातीत नुसती पुरलेली. मामांनी फरशीचा एक तुकडा काढला, चार बादल्या पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबले, आणि चार्जर हिरवा झाला. "तात्पुरतं हाय हे," म्हणाले, "नवीन खड्डा काढून प्लेट टाकाय लागतीय, मीठ-कोळसा घालून." म्हणजे वीस वर्षं आम्ही अर्थिंगशिवाय गीझरखाली आंघोळ करत होतो हे गाडीनं सांगितलं. बाकी काही असो, एवढ्यासाठी तरी गाडीला फुल मार्क.

त्या १५ अँपियरवर गाडी भरायला जीव जातो, २० टक्क्यांवरनं शंभरला पोचायला जवळपास तेरा तास. पण रोज कोण शून्यापासनं भरतंय? रात्री नऊला लावली, सकाळी सहाला काढली, ५५ टक्क्यांच्या आसपास भर पडतीच, माझं रोजचं रनिंग ७०-८० किलोमीटर आहे, कळंबा ते शिरोली, तिथनं गोकुळ शिरगाव, कधी कागल, कधी इचलकरंजी. एवढ्याला तीस टक्क्यांच्या आतच लागतं. मोबाईल चार्जिंगला लावल्यासारखं होऊन जातं, तिसऱ्या दिवसानंतर टक्के बघायचंही सोडून दिलं. ७.२ चा चार्जर बसवायचा असेल तर मात्र महावितरणकडं घराचा लोड वाढवून घ्यावा लागतो, आमचा मंजूर लोड ३ किलोवॅट, म्हणजे चार्जर आणि गीझर एकदम लावला की काय होईल ते सांगायला नको.

चालवायला? नाद खुळा. दुसरा शब्द नाही. तावडे हॉटेलच्या सिग्नलला डिझेल गाडी घेऊन उभं राहिलं की पहिला, दुसरा, क्लच, परत पहिला, डावा पाय संध्याकाळी दुखतोय. ही नुसती सरकती. आवाज नाही, थरथर नाही, एसी लावून फोनवर बोलत बसलं तरी इंजिन चालू ठेवल्याचं पाप नाही. एकच अडचण, आवाज नाही तो माणसांनाही नाही आणि म्हशींनाही नाही. रंकाळ्याच्या बाजूला सकाळी म्हशींचा कळप पुढं होता, आमची डिझेल मागं आली की त्या आपोआप कडेला होतात, सवय आहे त्यांना. ही गाडी मागं जाऊन उभी राहिली तर एकीनंही मान वळवली नाही. महाद्वार रोडला तर पाच मिनिटं एका काकूंच्या मागनं चालत्या स्पीडनं गेलो, हॉर्न मारायला लाज वाटत होती.

रविवारी पन्हाळा. पोरीनं आधीच जाहीर केलं, "मी पुढं बसतो, मी टक्के बघतो." बघू दे. शिवाजी पुलावरनं, वाघबीळला वळून वर, वीसेक किलोमीटर. वर पोचेपर्यंत ११ टक्के गेले, बायको म्हणाली बघा, सपाटीला एवढ्यात दीडपट अंतर झालं असतं. झुणका-भाकरी खाऊन परत निघालो, रीजन फुल ठेवला, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटरच जनरेटर होऊन गाडी धरती आणि करंट परत बॅटरीत. वाघबीळपर्यंत ब्रेकला पाय लावला असेल तीन-चारदा. घरात आलो तर उतरताना फक्त ४ टक्के गेलेले. पोरगी म्हणाली अप्पा, डोंगर उतरलं की पेट्रोल परत टाकीत येतंय का आपल्या गाडीत? नाही येत. आपल्या गाडीत डोंगर उतरलं की ब्रेकचा वास येतो.

आणि आता पुणं. सगळा रिव्ह्यू इथं फिरतो.

कोल्हापूर ते पुणं धरा २३० किलोमीटर. सहाला १०० टक्क्यांवर निघालो, चौघं, एसी चालू, स्पीड ९०-९५, सहापदरीच्या कामाची वळणं आहेतच त्यामुळं उगाच जास्त पळवता येतच नाही. साताऱ्याला ५५ टक्के. पुण्यात सिंहगड रोडला पोचलो तेव्हा १६. म्हणजे पोचलो, पण खेड शिवापूरच्या पुढं मी गाडी चालवत नव्हतो, टक्के चालवत होतो. बायकोनं एसी बंद केला तर मी काही बोललो नाही. कागदावर पावणेपाचशे आणि हायवेला २७०-२८०, हे गणित डोक्यात ठेवूनच शोरूमला जायचं. कंपनीची टेस्ट रोलरवर होते, तिथं खंबाटकी नसते.

पुण्यात काम होईस्तोवर एका मॉलमध्ये लावली, ८५ टक्क्यांवर काढली. ८० च्या पुढं फास्ट चार्जिंग मुद्दामच हळू होतं, बॅटरीच्या तब्येतीसाठी, तिथं थांबून राहणं म्हणजे वेळ घालवणं. येताना खंबाटकीचा चढ खाल्ला, कऱ्हाडला येईस्तोवर पंचवीसेक टक्के उरले. तसं रडतखडत घरी पोचलो असतो पण बायको म्हणाली माझ्यात हिंमत नाही, चहा पण प्यायचाय, म्हणून ॲपवर दिसलेल्या एका हॉटेलात वळलो. ॲपवर दोन गन, म्हणजे चार्जिंगचे प्लग, हिरवे. प्रत्यक्षात एका गनच्या स्क्रीनवर काळोख, आणि दुसरीच्या पुढं भलीमोठी डिझेल एसयूव्ही आडवी लावलेली. वॉचमन मामांना विचारलं ही कुणाची, म्हणाले, "साहेब जेवाय गेल्यात." कधी येतील? "थाळी घेतल्यात, वेळ लागंल." मी म्हटलं मामा, ही चार्जिंगची जागा आहे. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांना चंद्रावरचा पत्ता विचारलाय. पंचवीस मिनिटांनी साहेब दात कोरत आले, सॉरी नाही काही नाही, गाडी काढली. मग ॲप. वॉलेटमध्ये कमीत कमी ५०० भरल्याशिवाय गन सुरूच होत नाही, भरले, ओटीपी आला नाही, परत, आला. ३० किलोवॅटचा चार्जर, अर्ध्या तासात १५ युनिट, जीएसटी धरून साडेतीनशेच्या आत. उरलेले दीडशे रुपये त्या वॉलेटमध्ये अजून आहेत, कुणाला कऱ्हाडला चार्जिंग करायचं असेल तर सांगा. दाजींच्या मोबाईलमध्ये असली पाच ॲप आहेत आणि प्रत्येकात थोडे थोडे पैसे, म्हणाले भिशीच समज.

पेट्रोल पंपावर कधी कुणी थाळी खाऊन येईपर्यंत थांबवलंय का आपल्याला? गाडीला माझे पाचात साडेचार, हायवेच्या चार्जिंगला दोन, तेही चहा चांगला होता म्हणून.

पैशाचं बोलू. डिझेल नव्वदच्या वर, आमची गाडी गावात-हायवेला मिळून १६ देते, म्हणजे किलोमीटरला पावणेसहा. ही सॉकेटपासनं मोजली तर युनिटला साधारण सहा किलोमीटर, घरचं युनिट वरच्या स्लॅबमध्ये सगळं धरून १२ पकडलं तरी दोन रुपये. माझं महिन्याचं रनिंग दोन हजाराच्या आसपास, म्हणजे वर्षाला ९० हजार वाचतात. वर ऑइल, फिल्टर, क्लच हा भानगडीचा संसारच नाही. छतावर सोलर असेल तर अजून खाली येतं, सरकारचं ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, आम्ही तोही विचार करतोय, फक्त कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट लक्षात ठेवा, पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही.

दुसऱ्या बाजूनं गाडीची किंमत. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ, हे खरं, पण २२ सप्टेंबर २०२५ पासनं छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा जीएसटीही २८ वरनं १८ वर आला, त्यामुळं मधलं अंतर परत वाढलं. मला ऑन रोड साडेतीन लाखाचा फरक पडतोय, म्हणजे चार वर्षांत निघतो. पण आमच्या धाकट्या भावाचं महिन्याला सातशे किलोमीटर पण होत नाही, त्याला तोच फरक निघायला अकरा वर्षं, तोवर बॅटरीची वॉरंटीही संपली, कारण बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरच देतात. शिवाय तो राहतो मंगळवार पेठेत, बोळात, गाडी लावतो तालमीच्या पटांगणात. वायर कुठनं आणणार, पहिल्या मजल्यावरनं बोळ ओलांडून? त्याला मी सरळ सांगितलं, तुझ्यासाठी नाही ही, कितीही भारी वाटू दे. कुणी टोलमाफीचं सांगत असेल तर ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूची, आपल्या किणी-तासवड्याला फास्टॅग वाजतोच.

आणि कोल्हापुरात प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न, पाण्यातनं जाते का. बॅटरीला आयपी ६७ रेटिंग असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून टेस्ट केलेली. हवा ओढणारं इंजिनच नाही, त्यामुळं हवेबरोबर पाणी ओढून इंजिन बसायची भीती नाही. म्हणून पुरात घालायची का, तर अजिबात नाही, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोक्याची पातळी गाठली की कुठलीही गाडी उंचावर नेऊन लावायची असते. मला दुसरीच काळजी वाटते. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, गावातल्या बऱ्याच भागात लाईट नव्हती. लाईट नाही तर गाडी भरायची कशानं? आबांना हा मुद्दा सांगितला तर तेच उलटं बोलले, "२०१९ ला पेट्रोल तरी कुठं मिळत होतं." आठव्या दिवशी आबा माझ्या बाजूनं की काय असं वाटायला लागलं, तोवर त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, की जुनी डिझेल विकायची नाही, पुण्याला तीच न्यायची.

तर सध्या असं आहे. दाजींना गाडी ८२ टक्के भरून परत दिली, त्यांनी पहिलं विचारलं पाण्याची बादली कुठं ठेवलीस, ताईनं त्यांना सगळं सांगितलेलं दिसतंय. लोड वाढवायचा अर्ज महावितरणला दिलाय. वायरमन मामांनी नवीन खड्डा काढून तांब्याची प्लेट टाकली, मीठ-कोळसा घातला. गाडी अजून बुक केलेली नाही, पण गीझर आता व्यवस्थित अर्थिंगवर चालतोय.