धूळ मोजायचं यंत्र, आणि म्हणे आत धूळ गेली! (हवेचा मॉनिटर, ९ महिन्यांनंतर)

मागच्या आठवड्यात मॉनिटरचा पंखा कुरकुरायला लागला आणि पीएम २.५ चा (हवेतल्या अगदी बारीक कणांचा) आकडा ९९९ वर जाऊन बसला तो हलेचना. सर्व्हिसला फोन केला तर यंत्र न बघताच उत्तर, "सर, आत धूळ गेली असेल, ते वॉरंटीत बसत नाही." अरे, धूळ आत गेल्याशिवाय ते मोजणार काय, माझं डोकं? तीनदा फोन केला, तिन्हीदा तीच कॅसेट.

स्पेक्स लिहीत बसत नाही, नेहमीचाच स्वस्तातला लेसरवाला, पंखा हवा ओढतो, लेसरचा उजेड कणांवर पडून विखुरतो, त्यावरून आकडा.

घेतला उन्हाळ्यात. दोन महिने हिरवा दिवा आणि मला वाटलं पैसे गेले पाण्यात. टेबलावर बोटाने नाव काढता येईल एवढी धूळ आणि पीएम १० (जरा जाड कणांसकटचा आकडा) दाखवतोय २८! नंतर कळलं की जाड धूळ या सेन्सरना नीट पकडताच येत नाही, पीएम १० बराचसा अंदाजपंचेच असतो. खोक्यावर मात्र हे कुठे लिहिलेलं नाही.

पावसाळ्यात जोराची सर येऊन गेली की आकडा ५-६, मस्त. पण एका धुक्याच्या सकाळी थेट ३००. ना वास, ना घशात खवखव, तरी मी घाबरून आईला दोन दिवस घरात मास्क लावायला लावला, ती अजून ऐकवते. झालं असं होतं की हवेत ओलावा ८०-८५ टक्क्यांच्या वर गेला की कण पाणी पिऊन फुगतात आणि लेसरला ते मोठे दिसतात. सरकारी केंद्रांवरची महागडी यंत्रं हवा आधी तापवून वाळवून घेतात, आपल्या डबीत कुठला आलाय हीटर. तेव्हाच ठरवलं, हे खोटारडं आहे, २ स्टार.

म्हणून थंडीत पहाटे १४०, दुपारी ३५ आणि रात्री ९ नंतर परत चढ असं रोज दिसायला लागलं तेव्हा मी ते परत पाठवायला पॅकसुद्धा केलं होतं. पण ओलावा बघितला तर फक्त ५५ टक्के, म्हणजे धुक्यावर बिल फाडता येईना. गाव आमचं वाटीत, चारी बाजूंनी टेकड्या. शेवटी एकदा सकाळी ७ ला मॉनिटर पॉवर बँकेला लावला आणि टेकडी चढलो. अर्ध्या वाटेपर्यंत ११०-१२०, मग एक वळण घेतलं आणि पाच मिनिटांत ४०. खाली बघतो तर गावावर धुराचा थर, वरून इस्त्री फिरवल्यासारखा सपाट, एका चिमणीचा धूर सरळ वर येऊन तिथेच आडवा झालेला. रात्री जमीन गार पडते, उतारावरची थंड जड हवा घरंगळत वाटीत साठते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. ऊन तापलं की झाकण उठतं. उन्हाळ्यात दुपारी तोच धूर किलोमीटर-दीड किलोमीटर उंचीपर्यंत पसरतो, थंडीत पहाटे त्याला शे-दोनशे मीटर मिळतात. चुली, गाड्या तेवढ्याच, भांडं लहान झालं. १९४८ च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेत डोनोरा नावाच्या नदीखोऱ्यातल्या लहान गावात असंच झाकण जवळपास पाच दिवस उठलं नाही, जस्ताच्या कारखान्याचा धूर अडकून २० माणसं गेली, पाऊस आला तेव्हा कुठे हवा मोकळी झाली.

म्हणजे जिथे विश्वास ठेवला तिथे फसवलं आणि जिथे शिव्या घातल्या तिथे खरं बोलत होतं. फिरायला मी आता ११ ला जातो, खिडक्या दुपारीच उघडतो. यंत्राला ४ स्टार, सर्व्हिसचा १ कापून ३.

हां, तर ९९९. नवीन घेणं जिवावर आलं, म्हणून चार स्क्रू काढले, वॉरंटीचं स्टिकर फाटलं ते फाटलं. आत लेसरच्या भोकाशी एक मेलेलं चिलट अडकलेलं. धूळ नव्हतीच! कॅमेऱ्याच्या ब्लोअरने उडवलं, पंखा अजून कुरकुरतोय, पण हे लिहिताना सकाळचे १० वाजलेत, आकडा ६२ आहे आणि उतरतोय.