मेरियम-वेबस्टरची वेबसाइट: अडलेल्या क्रियापदासाठी आधी इथे बघा

क्लीव्ह हे इंग्रजी क्रियापद बोलण्यात फारसं येत नाही, पण वाचताना आडवं आलं की गोंधळ उडवतं, कारण एके ठिकाणी अर्थ दोन तुकडे करणे आणि दुसरीकडे घट्ट चिकटून राहणे. एका फुकटच्या इंग्रजी-मराठी ॲपमध्ये बघितलं तर ‘फाडणे, चिकटणे’ एवढं लिहून मोकळे झालेत, आता यातून वाचणाऱ्याने काय समजायचं सांगा! मेरियम-वेबस्टर या अमेरिकन इंग्रजी डिक्शनरीच्या वेबसाइटवर मात्र याचा नीट उलगडा होतो आणि पैसेही पडत नाहीत.

तिथे क्लीव्हच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मुळात हे शब्दच दोन, जुन्या इंग्रजीत दोघांची रूपं वेगळी होती, पुढे स्पेलिंग आणि उच्चार एक झाला. चिकटण्याचा क्लीव्ह अकर्मक, त्याच्यानंतर बहुतेक वेळा टू येतो. कापण्याचा सहसा सकर्मक, थेट कर्म घेतो. एवढं लक्षात ठेवलं तरी वाक्य सुटतं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये पुरुष आईबापांना सोडून बायकोला क्लीव्ह करेल असं वाक्य आहे, तिथे अनटू (टूचंच जुनं रूप) दिसलं की कळतं, हा जोडून राहण्याचा क्लीव्ह.

मला सगळ्यात आवडलं ते भूतकाळाच्या रूपांचं. क्लीव्ह्ड, क्लेफ्ट, क्लोव्ह, क्लोव्हन... डोकं गरगरतं ना? पण इथे दोन रूपांमध्ये ऑर असेल तर दोन्ही साधारण सारखीच चालतात आणि ऑल्सो असेल तर पुढचं रूप कमी वापरातलं, ही खूण बरेच जण बघतच नाहीत. लिहायचंच असेल तर बिनधास्त क्लीव्ह्ड लिहा, सायन्सचं लिहिताना तर नक्कीच, एन्झाइमने प्रोटीन तोडलं म्हणताना तेच वापरतात. क्लेफ्ट आणि क्लोव्हन आता जास्त करून विशेषण म्हणून भेटतात, क्लेफ्ट पॅलेट म्हणजे दुभंगलेली टाळू, क्लोव्हन हूफ म्हणजे गाईबकरीचा दुभंगलेला खूर.

शब्द कधीपासून वापरात आहे तेही दिलेलं असतं, उच्चार ऐकता येतो.

फक्त इंग्रजी नुकतंच शिकायला घेतलेल्यांना इथल्या व्याख्या जड जातील, त्यांनी ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी उघडावी, तिथली भाषा सोपी आहे आणि शब्द जुना आहे की साहित्यिक हा शेरा व्याख्येच्या आधीच असतो, म्हणजे ऑफिसच्या मेलमध्ये तो घालायचा की नाही हे लगेच कळतं.