थंडीत मासे पकडायला हलका रॉड-रील सेट: पाच महिने वापरून काय वाटलं

दिवाळीच्या सेलमध्ये सात फुटी स्पिनिंग रॉड आणि 2500 साईजचं रील असा सेट घेतला होता, दोन्ही मिळून साडेतीन हजारच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढे थोड्या शिव्यापण आहेत. आता मार्च चालू झाला, बोरिवलीवरून जवळजवळ दर रविवारी गोराई-मनोरी केलंय, तर लिहून टाकतो.

घेतला का ते आधी. माझ्याकडे जिताड्यासारख्या मोठ्या माशासाठी दहा फुटी जाड रॉड आहेच. पाऊस संपला की खाडीच्या तोंडाशी त्याच्यावर मजा येते, पण डिसेंबर लागला की पाणी निवळतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि मोठा मासा कुठे जातो देव जाणे. मागच्या थंडीत सलग सहा रविवार रिकामा आलो, ल्यूर (खोटं आमिष) मारून मारून खांदा गेला, घरी आईचं "मार्गशीर्ष पाळतोयस वाटतं" चालूच. सातव्या रविवारी झोपून राहिलो ते थेट एप्रिलमध्ये रॉड काढला, तर रीलचं हँडल मिठाने जाम.

गोराई जेट्टीच्या बाजूला एक कोळी काका बसतात, रॉड नाही काही नाही, नुसता तंगूस (नायलॉनची दोरी), बारीक गरी आणि कोळंबीचा तुकडा. मी हजाराचं ल्यूर फेकतोय आणि ते आरामात मुडदुश्या काढतायत. विचारलं तर म्हणाले, "अरे बाबा, थंडीत मासा खातो, पन तोंड बारीक करून खातो." ते डोक्यात बसलं आणि म्हणून हा सेट.

10 पौंडाची ब्रेडेड (विणलेली) लाईन, पुढे दोन हात फ्लोरोकार्बनचा लीडर (लाईनच्या टोकाला जोडायचा दोरीचा तुकडा), 10 ग्रॅम शिसं, बारीक गरी, बस. मुडदुशी वाळूच्या तळाला चरते, टुक टुक करून आमिष ओढते, जाड रॉडवर ते कळतच नाही, आपल्याला वाटतं लाट लागली. या रॉडच्या टिपला मात्र सगळं कळतं, आणि रॉडला पैसे द्यायचे तर फक्त त्या टिपसाठी द्यावेत. जानेवारीत एका सकाळी अकरा काढल्या, सगळ्यात मोठी वीतभर, पण या रॉडवर वीतभर मासापण मस्त खेळतो. बाकी ढोमी आल्या, पावाच्या गोळ्यावर एक बोय, आणि शिंगाळे तर नको तेवढे. शिंगाळ्याचा काटा लागून हात दोन दिवस सुजला होता, तेव्हा फडक्याने धरा, हिरो बनू नका. केंड (फुगणारा मासा) आला तर लीडर कातरल्यासारखा कापून जातो, आणि चुकून वर आलाच तर परत पाण्यात, तो विषारी असतो, खायचा विचारपण नको.

आता भरतीचं, कारण हलका सेट घेऊन कधीही जाऊन बसाल तर मलाच शिव्या द्याल. काकांनी शिकवलेला हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमारास, पहाटेपण आणि दुपारीपण. अर्धा तास इकडेतिकडे होतं पण अॅप उघडायच्या आत उत्तर तयार. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला 10 ग्रॅमचं शिसं तळाला टिकतच नाही, ओढ घेऊन जाते. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या आसपास, दशमी-एकादशीला, पाण्याला ओढ कमी आणि सकाळी आठच्या सुमारास भरती, म्हणजे उजाडल्यापासून पाणी चढतंय, हे या सेटला एकदम फिट. आणखी एक, पावसाळ्यात मोठं पाणी भरदुपारी येतं पण थंडीत मध्यरात्री, म्हणून दिवसा गेलात तर "पाणी एवढंच?" असं वाटतं, ते नॉर्मल आहे. फक्त एकादशीला मासा घरात आणायचा नाही ही आईची अट, त्यामुळे माझे सगळ्यात चांगले दिवस पकडून सोडून देण्यातच गेले.

आता तक्रारी. रीलच्या लाईन रोलरमधून तिसऱ्याच आठवड्यात कुईकुई आवाज. कस्टमर केअर म्हणे खाऱ्या पाण्यात वापरलं तर वॉरंटी नाही, आणि बॉक्सवर मात्र लाटेचं चित्र! शेवटी क्रॉफर्ड मार्केटच्या भागातल्या एका दुकानदाराने ऐंशी रुपयात बेअरिंग बदलून दिलं. हँडलला थोडा खेळ आलाय. फोमच्या ग्रिपला कोळंबीचा वास असा बसलाय की बेस्टच्या बसमध्ये लोक वळून बघतात. पण गिअर अजून लोण्यासारखे, कारण या वेळी धुणं चुकवलं नाही: घरी आल्यावर ड्रॅग (रीलचा ब्रेक) पूर्ण टाईट करायचा म्हणजे वॉशरमध्ये पाणी जात नाही, नळाच्या बारीक धारेखाली धुवायचं (जेट मारू नका, मीठ उलटं आत जातं), पुसायचं, मग ड्रॅग सैल करून ठेवायचं आणि रोलरवर तेलाचा एक थेंब. बेल (रीलवरची लाईन धरणारी तार) पण हाताने बंद करतो, हँडल फिरवून नाही, लाईनचे पीळ बरेच कमी झाले.

ज्या रविवारी भरती जुळली नाही त्या रविवारी टेरेसवर कास्टिंगची प्रॅक्टिस, गरी काढून, नुसतं शिसं लावून. संक्रांतीच्या आदल्या रविवारी तेच करत होतो, हिरवी ब्रेडेड लाईन टाकीला अडकली, आणि सेक्रेटरी वर आले ते थेट "नायलॉन मांजा बंदी आहे माहीत नाही का, पोलिसात देईन" असंच. रॉड दाखवला, रील दाखवलं, तरी दहा मिनिटं पटेना. शेवटी त्यांनी स्वतः एक कास्ट मारून बघितला आणि शिसं थेट बी विंगच्या ग्रिलमध्ये. आता अधूनमधून विचारतात, रविवारी जातोयस का.

घ्यावा का? थंडीसाठी घ्या. जिताडा किंवा रावस डोक्यात असेल तर या रॉडवर जाऊ नका, तुटेल. गेल्या आठवड्यापासून जाड रॉडपण काढलाय पण अजून एकही चावा नाही, आणि हलका तिथेच बाजूला वाळूत उभा असतो, टिप हलली की मोठा टाकून पळतो.

कुणाला 2500 साईजचा स्पेअर स्पूल (लाईन गुंडाळायची चक्री) वेगळा कुठे मिळतो माहीत असेल तर सांगा, माझ्या स्पूलची कड त्या टाकीवर घासून गेलीये.